कारेगावच्या कार्यक्रमात मी नव्हते

आमचे शिरूरचे घरमालक खोली दाखवण्याआधी एकच प्रश्न विचारायचे. गाव कुठलं, माणसं किती, आडनाव काय, ह्यातलं काही नाही. कडीवर हात ठेवायचे, चष्म्यावरून तुमच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काम सोडून काय करता?"

आता रांजणगावच्या कंपनीत नुकता लागलेला माणूस, सोबत बायको, दोन पोरं, एक पत्र्याची पेटी. तो काय सांगणार? तो छाती पुढं काढून सांगायचा, "कायबी न्हाई, साहेब. कामावरनं घरी आन् घरनं कामावर." त्याला वाटायचं, आपण किती सरळमार्गी ते मालकांना कळलं. मालक कडीवरचा हात काढून घ्यायचे. "मग आपलं जमायचं न्हाई."

असं एका जोडप्याला आमच्या डोळ्यांदेखत परत पाठवलं. त्यांच्या मागं आम्ही उभे होतो. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? समोर जे उत्तर नापास झालं, तेच दिलं. बिचाऱ्यांकडं दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

कडीवरचा हात निघाला. त्या दिवशी आम्ही चार खोल्या बघून आलो होतो. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर "आत्ताच गेली हो खोली" झालं होतं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मला लांबून कळायचं. कडेवर धाकटी, डोक्यावर ऊन. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चित्रांची पुस्तकं वाचते."

आमचे हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी दारू पिते म्हणून सांगितलं.

"कसली चित्रांची?"

"पोरांची. भुताची, हेराची. एसटी स्टँडापाशी भाड्यानं मिळत्यात. मी चौथीच शिकलेय, पण ती वाचून वाचून आता पेपर बी वाचते."

"एक सांगा."

"इथं?"

"खोली बघायची हाय ना?"

मग भर उन्हात उभी राहून मी त्यांना आंधळ्या घोड्यावरून पळणाऱ्या दरोडेखोराची गोष्ट सांगितली. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "घोडा आंधळा, मग अरुंद पुलावरनं गेला कसा?"

"ते पुढच्या भागात हाय. मला अजून मिळाला न्हाई."

त्यांनी कडी काढली. "मिळाला की सांगा. या, आत या."

सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आडनाव त्यांनी आम्हाला महिन्याभरानं विचारलं, तेही पोस्टमनला सांगायला. आम्ही त्यांच्या वाड्यात, म्हणजे वाडा कसला, पत्र्याच्या सहा खोल्या आणि मधे अंगण, नऊ वर्षं राहिलो. त्या नऊ वर्षांत मी आप्पांशी एकदाच खोटं बोलले. ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. पण एकदम तिथं हात घालायचा धीर होत नाही, म्हणून आधी माणूस सांगते.

आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दौंडला, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. मूळचे मांडवगण फराट्याचे, घरची बागायत जमीन, ती धाकटा भाऊ बघायचा. बायको वारलेली. मूलबाळ काही आहे की नाही, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. माझ्या धाकटीला म्हणायचे, "शेंबूड पुसा तुमचा." शेजारणीची शेळी वाटेत बसली तर तिला, "जरा बाजूला होता का?"

रविवारी सकाळी अंगणात लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. एकेक भाडेकरू चहाचा कप घेऊन येऊन टेकायचा आणि आठवड्यात काय बघितलं, काय ऐकलं, काय वाचलं ते सांगायचा. हा त्या घरचा रिवाजच होता. शेजारीण तेलाच्या डब्यांत गुलाब लावायची, ती कुठल्या डब्याला किती कळ्या ते सांगायची. माझं चित्रांच्या पुस्तकांचं. आमच्या ह्यांना तर आप्पांनी वर्षभर सोडलं नाही. "आठवा. काहीतरी असंलच." शेवटी हे चिडून म्हणाले, "मला झोपायला आवडतं, आप्पा!" आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "कुठल्या कुशीवर?" आणि खरंच अर्धा तास त्यावर बोलले.

ते म्हणायचे, "कामात माणूस सगळा सारखाच दिसतो. डब्यांची रांग बघा, एकासारखा एक. आत काय भरलंय ते कुठं दिसतं?"

पण त्यांचा खरा जीव गाण्याच्या कार्यक्रमांत. शिरूरला, दौंडला, आसपासच्या गावांत एप्रिल-मे म्हणजे जयंतीचे दिवस. रोज कुठं ना कुठं गायन पार्टी. कधी ऑर्केस्ट्रा, कधी भजनाची जुगलबंदी. आप्पांना प्रत्येकाची हकीकत पाहिजे. आणि हकीकत म्हणजे गार्डाची हकीकत! किती वाजता सुरू झालं, किती मिनिटं उशीर, पहिलं गाणं कोणतं, ढोलकी कुणाची, माईक किती वेळा बंद पडला. शेवटच्या खोलीत बिहारकडचा एक फिटर राहायचा. तो एकदा जाऊन आला आणि म्हणाला, "आप्पाजी, बहुत अच्छा था."

"अच्छा तो चाय भी होता है," आप्पा म्हणाले. "टाइम बोलो."

त्या फिटरला मराठी गाण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पुढं तो हातावर पेनानं वेळा लिहून आणायला लागला.

आणि आता नवल ऐका. एवढं सगळं विचारणारे आप्पा स्वतः एकाही कार्यक्रमाला जायचे नाहीत. घरात रेडिओ नाही, टेप नाही. आमच्या गल्लीत लाउडस्पीकर सुरू झाला की कानात कापूस घालायचे, वरून मफलर गुंडाळायचे, मे महिन्यात हो, आणि घोडनदीच्या पुलापलीकडे चालत जायचे. कार्यक्रम संपल्यावर परत. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसून, "हं, काय काय झालं?" आम्ही त्यांच्या मागं हसायचो. शेजारीण म्हणायची, "जेवायचं न्हाई, पर ताटात काय व्हतं ते सांगा!"

एक गोष्ट मला दिसत होती, पण कळत नव्हती. दौंडची एक गायन पार्टी होती. तिच्यात एक बाई गायच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, उंच, आवाज असा की मंडपाच्या शेवटच्या खांबाला जाऊन लागायचा. आप्पा त्यांच्याबद्दल सगळ्यात शेवटी विचारायचे. आणि विचारताना चष्मा काढून पुसत बसायचे. "आन् ती दौंडची पार्टी? ती पण होती का?"

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी फिटर एका कार्यक्रमाला जाऊन आला. हातावरच्या वेळा वाचून झाल्यावर म्हणाला, "वो दौंडवाली बाईजी ने बीच में गाना छोड़ दिया. खाँसी. गरम पानी पिया, फिर भी नहीं हुआ. उतर गई."

"पानी किसने दिया?" आप्पांनी विचारलं.

"ढोलकीवाले ने."

"कितने बजे उतरी?"

त्यानं वेळ सांगितली. आप्पांनी तीच वेळ परत विचारली. मग अजून एकदा. त्या रविवारी माझी गोष्ट ऐकायची राहिली.

पुढच्या शनिवारी कारेगावला कार्यक्रम होता. कारेगाव म्हणजे रांजणगावच्या कंपन्यांच्या कुशीतलं गाव, तिथं माझी नणंद राहायची. शुक्रवारी आप्पा माझ्या दारात आले. ते कधी कुणाच्या दारात यायचे नाहीत. म्हणाले, "तुम्ही जाणार हाय का कारेगावला?"

"विचार हाय, आप्पा. नणंद बोलावतीय."

"जा. नीट ऐका. दौंडच्या बाईंचं जरा जास्त नीट ऐका. मधे खोकतात का, बघा."

मी हो म्हणाले. एवढंच काम होतं. ऐकायचं आणि येऊन सांगायचं.

शनिवारी दिवस मावळताना मी पोरींना घेऊन नणंदेकडं पोचले. नणंदेच्या पोरांनी कुणाकडून तरी चित्रांच्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा आणला होता, सुतळीनं बांधलेला. मी सहज सुतळी सोडली, आणि तिसरंच पुस्तक आंधळ्या घोड्याचा पुढचा भाग! चार वर्षं शोधत होते मी तो. नणंद म्हणाली, "वयनी, चला की, सुरू झालं आसंल." मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी एवढं संपवून आलेच." ती पोरींना घेऊन गेली. मी दिव्याखाली बसले. एक संपलं, त्याखाली दुसरं. लांबून लाउडस्पीकर ऐकू येत होता. एका बाईचा आवाज वर चढला. मी मनात म्हणाले, ह्याच त्या दौंडच्या, छान चाललंय की. पान उलटलं. आणि नणंद परत आली तेव्हा मी गठ्ठ्याच्या तळाशी होते. तिनं हसून डोक्याला हात लावला आणि झोपली. मी तिला काही विचारलं नाही. सकाळी ती उठायच्या आत मी पोरींना घेऊन पहिली एसटी धरली.

आप्पा अंगणात खुर्चीत नव्हते, फाटकात उभे होते.

मला सांगता आलं असतं, आप्पा, मी नाही गेले. त्यात काय होतं? पण शुक्रवारी ते माझ्या दारात आले होते ना. मला लाज वाटली. चाळिशीला टेकलेली बाई पोरांची पुस्तकं वाचत बसली म्हणून कार्यक्रम चुकला, हे कसं सांगायचं? आधी मी घोड्याचं सांगितलं. "आप्पा, तो घोडा आंधळा नव्हताच. सोंग व्हतं."

"ही लबाडी झाली," ते म्हणाले. "बरं, कार्यक्रम?"

आणि मी सुरू झाले. नऊ वाजता सुरू व्हायचा, पावणेदहाला झाला. आधी वंदना. दौंडच्या बाई पांढरी साडी नेसल्या होत्या, निळ्या काठाची. अकरा गाणी म्हणाल्या. बायका उठून ओवाळायला गेल्या. एकदा खोटं सुरू केलं की ते आपोआप पुढं चालतं बघा, ढकलावं लागत नाही.

"खोकल्या का?"

"न्हाई हो. एकदाबी न्हाई. आवाज आसा मोकळा."

त्यांनी डोळे मिटले. मी शेवटच्या गाण्याकडं येत होते, पण त्यांनी हात वर केला. "बास. बास झालं." आणि आत गेले. थोड्या वेळानं ओळखू न येण्याइतके खुशीत बाहेर आले, शेजारणीच्या गुलाबाला म्हणाले, "फुललात का?" आणि दहाच्या एसटीनं भावाकडं मांडवगणला गेले. मला वाटलं, चला, एका माणसाचा दिवस चांगला गेला.

चार वाजता आमचे हे पहिली पाळी करून आले. पाय धुता धुता म्हणाले, "काल दौंडच्या बाई आल्याच न्हाईत म्हणं कारेगावला. दुसरीच कुणी पोरगी गायली."

मी तांब्या खाली ठेवला.

"माझ्या लायनीवर दौंडचा एक जण हाय, त्यांच्याच वस्तीतला. त्यानं सांगितलं. बाईंच्या गळ्यात गाठ निघालीय. पुण्याला मोठ्या दवाखान्यात हायेत. उद्या सकाळी आपरेशन. डॉक्टर म्हणालेत, आवाज ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई." मग ते थांबले आणि दाराकडं बघून हळू बोलले, "आन् ऐक. त्या बाई आपल्या आप्पांची पोरगी हायेत."

सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. चष्मा पुसणं, कापूस, पूल. ह्यांनी पुढं सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनी त्या ढोलकीवाल्याशी लग्न केलं. ढोलकीवाला आपल्यातला, बौद्ध. आप्पांनी दौंडच्या क्वार्टरच्या दारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तुझा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडू देणार नाही. आणि ते शब्दाचे पक्के. रेल्वेचा माणूस. पंधरा वर्षं पाळत होते.

"मी त्यांना सकाळी सांगितलं, मोकळा आवाज व्हता म्हणून," मी म्हणाले.

"मग आता गप ऱ्हा."

"उद्या आपरेशन हाय."

"त्यांना कळवणारे कळवतील. तू काल गेली न्हाईस, खोटं सांगितलंस, हे कळलं तर खोली राहील का आपली? आठवतंय ना, किती दारं फिरलो? पोरींची शाळा तोंडावर आलीय." आणि मग ते बोलले ते मला अजून टोचतं. "आपल्यातल्या पोराशी लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला हाकललं त्यांनी. आसल्या माणसासाठी तू घर घालवतीस?"

मला राग आला. खरं सांगते, ह्यांचा नाही, आप्पांचा आला. मला उन्हात उभं करून घोड्याची गोष्ट ऐकणारा माणूस हाच? आडनाव न विचारणारा? मी तशीच बसून राहिले. पाच वाजले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दिसत होता आणि मी मनात मोजत होते, आता निघाले तर किती वाजता पोचतील.

"त्यांच्यासाठी न्हाई," मी शेवटी म्हणाले. "तिच्यासाठी. ती तिकडं दरवाजाकडं बघत आसंल."

हे उठले, बाहेर गेले. मला वाटलं, रागानं गेले. तर गल्लीच्या तोंडाशी स्कूटरला किक मारल्याचा आवाज. कंपनीतल्या मित्राची मागून आणली होती. म्हणाले, "बस. पोरींना शेजारी ठेव. बोलायचं काम तुझं, मी फक्त नेणार."

न्हावऱ्यावरून मांडवगण, वाटेत स्कूटर दोनदा बंद पडली. हे प्लग काढून फुंकर मारायचे आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हणत राहायची. आप्पा, मी कारेगावला गेले, पण कार्यक्रमाला गेले नाही. आप्पा, मी कारेगावला गेले, पण. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि ऊन उतरत चाललेलं.

भावाच्या अंगणात बाजेवर आप्पा बसले होते. भावाला हसून काहीतरी सांगत होते, हात वर करून. आवाज कसा चढतो ते दाखवत होते हो. माझंच सांगितलेलं माझ्यासमोर सांगत होते.

आम्हाला बघून उठले. "अरे! तुम्ही इकडं कशा? या, बसा."

"आप्पा, मी कार्यक्रमाला गेलेच नव्हते."

पाठ केलेलं सगळं राहिलं. "मी पुस्तक वाचत बसले. जे सांगितलं ते मनानं सांगितलं. त्या आल्याच नव्हत्या. पुण्याला दवाखान्यात हायेत. गळ्याची गाठ हाय. उद्या सकाळी आपरेशन हाय."

भावानं विचारलं, "कोण? कोण दवाखान्यात?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, मला वाटतं ते वेळ जुळवत होते, कुठल्या वेळेला काय झालं ते. मग म्हणाले, "सकाळी माझी पिशवी भरलेली व्हती."

मला कळलं नाही.

"ती खोकली म्हणाली असतीस तर मी आठच्या गाडीनं दौंडला जाणार व्हतो. शब्द मोडून. पिशवी दारामागं भरून ठेवली व्हती. तू म्हणालीस मोकळा आवाज. मी पिशवी रिकामी केली."

चार वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले. शेळीला अहो म्हणणारा माणूस.

मी रडायला लागले. ते म्हणाले, "आता न्हाई. आता त्याला वेळ न्हाई." ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पेट्रोल हाय का?" पुण्याची कुठलीच एसटी आता मिळणार नाही, हे त्यांना पाठ होतं. दौंडहून रात्री कोणकोणत्या गाड्या पुण्याकडं जातात तेही. अंगावरच्या कपड्यांनिशी स्कूटरवर मागं बसले. भावानं पैसे खिशात कोंबले. मी त्या अंगणात अनोळखी बायकांमधे उभी राहिले आणि स्कूटरचा आवाज उसातून लांब जाताना ऐकला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. ह्यांनी सांगितलं आणि नंतर ढोलकीवाल्या जावयानं सांगितलं, तेवढंच. दौंडला गाडी उशिरा आली. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचा उशीर लिहून ठेवला, तो फलाटावर येरझाऱ्या घालत होता. दवाखान्यात पोचले तेव्हा वॉर्डाचं दार बंद झालं होतं. बाहेरच्या बाकावर जावई बसला होता. तो उठून उभा राहिला. आप्पा म्हणाले, "बसा." रात्रभर दोघं त्या बाकावर शेजारी बसले. सकाळी बाईंना स्ट्रेचरवरून नेलं, पण तोवर इंजेक्शन दिलेलं होतं. त्यांनी बापाकडं पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज निघाला नाही. बाईंना वाटलं, स्वप्न पडतंय.

आपरेशन झालं. जीव वाचला. पण गाठ आवाजाच्या शिरेला चिकटलेली होती, आवाज गेला तो गेलाच. नंतर फक्त कुजबुज राहिली, ती पण कान जवळ नेला तर. आप्पा रविवारी सकाळी आठच्या गाडीनं गेले असते तर दौंडला सगळं कळून दुपारी पुण्याला पोचले असते. दुपारभर, संध्याकाळभर ती त्यांच्याशी तिच्या आवाजात बोलली असती. तो दिवस मी खाल्ला. ह्याला मी दुसरं नाव देत नाही.

आप्पा पंधरा दिवसांनी शिरूरला आले. मी सामान बांधायला घेतलं होतं. त्यांनी बांधलेली पेटी दारातून बघितली आणि म्हणाले, "कुणी जा म्हणालंय का?" एवढंच. पण त्यानंतर रविवारी खुर्ची अंगणात आली, फिटर वेळा सांगायचा, शेजारीण कळ्या सांगायची, आणि माझ्यापाशी आले की आप्पा उठून आत जायचे. मला परत तुम्ही म्हणायला लागले. ते ऐकलं की जास्त लागायचं. मी स्टँडावरून पुस्तकं आणणं सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी बाई शिरूरला आल्या. जावई आणि त्या. गळ्याला पातळ रुमाल. आप्पांनी गल्लीतून आत येताना जावयाच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो सगळ्या गल्लीनं बघितला, आणि आप्पांनी बघू दिला. मी चुलीपाशी लपून बसले म्हणाना. तर त्या सरळ माझ्याच दारात. आत आल्या, खाटेवर बसल्या आणि मला हातानं जवळ बोलावलं.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी दंड धरून उठवलं. कानाशी ओठ आणले.

"आप्पांनी सांगितलं मला. सगळं."

"ताई, माझ्यामुळं..."

"ते ऱ्हाऊ द्या. मी कारेगावला कशी गायले, ते सांगा."

मला वाटलं, टोमणा मारतायत. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता.

"माझा खरा शेवटचा कार्यक्रम अर्ध्यात सुटला," त्या कुजबुजल्या. "खाली उतरले मी. तुम्ही सांगितला तो पुरा झाला म्हणं. मला तो ऐकायचाय."

मी म्हणाले, मला जमणार नाही. त्या वाट बघत बसल्या. शेवटी मी मान खाली घालून सुरू केलं. पावणेदहाला सुरू झाला. आधी वंदना झाली. तुम्ही पांढरी साडी नेसला होता, निळ्या काठाची.

"हिरव्या," त्या म्हणाल्या. "निळ्या काठाची माझ्याकडं न्हाई."

"हिरव्या काठाची. अकरा गाणी म्हणालात."

"अकरा? मी नवाच्या वर कधी म्हणत न्हाई. घसा जातो." आणि त्यांनाच हसू आलं, खांदे हलले, आवाज नाही. "बरं, त्या दिवशी म्हणाले. पुढं?"

"बायका ओवाळायला उठल्या. तुम्ही एकदाबी खोकलात न्हाई."

त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी. "आन् शेवटचं कुठलं म्हणाले?"

आता काय सांगणार? शेवटचं मी कधी रचलंच नव्हतं, आप्पा त्याआधीच आत गेले होते. मी तसं सांगितलं. शेवटचं गाणं राहिलंय, ताई.

त्यांनी थोडा विचार केला. मग ताठ बसल्या, पदर खांद्यावर नीट घेतला आणि खाटेच्या लाकडावर बोटांनी ताल धरला. ओठ हलायला लागले. मान वर गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं, आणि लाकडावरच्या बोटांशिवाय खोलीत काही ऐकू येत नव्हतं. मी दाराकडं पाहिलं तर आप्पा उंबऱ्यात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. बाईंचं गाणं म्हणून होईपर्यंत आमच्यातलं कुणी हललं नाही.